गुळाच्या भेलीचं आभाळभाडं

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत-केडगावच्या पट्ट्यात शिरलं की दौंड तालुक्यातली गुऱ्हाळं लागतात. तिथली एक किलोची भेली माझ्यासमोर टेबलावर आहे. किंमत पन्नास रुपयांच्या आसपास. आहाराच्या तक्त्यांत गुळाचे उष्मांक १०० ग्रॅमला ३८३ किलोकॅलरी दिलेले असतात, म्हणजे या भेलीत साधारण १६ मेगाज्यूल ऊर्जा आहे. आता समजा, हीच भेली ४०० किलोमीटर वर नेऊन आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकासारखी पृथ्वीभोवती फिरत ठेवायची आहे. नुसती उंची चढायला ३.७ मेगाज्यूल लागतील आणि सेकंदाला ७.६६ किलोमीटरचा वेग द्यायला २९.३. बेरीज ३३. म्हणजे दोन भेल्यांतली ऊर्जा तिसरीला अवकाशात पोचवायला जवळजवळ पुरते. विजेत मोजलं तर ९.२ युनिट. दहा रुपये युनिट धरा, बिल ९२ रुपये.

आता प्रत्यक्ष भाडं बघू. स्पेसएक्सच्या रॉकेटवर इतरांसोबत वाटून जागा घ्यायची तर २०२५ सालचा दर किलोला साडेसहा हजार डॉलर होता. डॉलर ८५ रुपयांचा धरला (या लेखात सगळीकडे तोच धरला आहे), तर साडेपाच लाख रुपये. एकीकडे ९२ रुपये, दुसरीकडे साडेपाच लाख. सहा हजार पटींचा हा फरक कशाचा, ते कळल्याशिवाय अवकाशात कारखाना काढण्याच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही.

वरच्या बेरजेत आणखी एक गोष्ट लपलेली आहे. ३३ पैकी २९ मेगाज्यूल वेगासाठी जातात, उंचीसाठी चारसुद्धा नाहीत. उंचीचं आपण उगाच कौतुक करतो. अवकाशाची वेस १०० किलोमीटरवर मानतात. पुण्याहून दौंड लोहमार्गाने ७५ किलोमीटर आहे, त्याच्या थोडंच पुढे. अवघड आहे तो वेग. त्या वेगाने पुणे ते दौंड दहा सेकंदांत होईल आणि पुणे ते शिरूर नऊ सेकंदांत. वाघोली ते शिक्रापूर या टप्प्यात संध्याकाळी अडकलेल्या माणसाला हे सांगू नये, तो चिडतो.

ऊसपट्ट्यात ‘उतारा’ हा शब्द पोराटोरांनाही कळतो. शंभर किलो ऊस गाळला की किती किलो साखर पडली, तो उतारा. केंद्र सरकार उसाचा दर ठरवतं तो याच आकड्यावर: २०२४-२५ च्या हंगामात टनाला ३,४०० रुपये, तेही सव्वादहा टक्के उताऱ्याला. अर्ध्या टक्क्याने उतारा घसरला तर कारखान्याच्या वार्षिक सभेत माइक ओढले जातात.

हाच हिशेब रॉकेटला लावू. इस्रोचं एलव्हीएम-३ उडताना ६४० टन भरतं आणि खालच्या कक्षेत ८ टन पोचवतं. उतारा सव्वा टक्का. पीएसएलव्ही ३२० टनांचं, ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत पावणेदोन टन नेतं. उतारा अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. फाल्कन-९ चा पहिला टप्पा परत उतरवला तरी साडेतीनच्या आत. एवढ्या उताऱ्यावर साखर कारखाना एक हंगामही टिकणार नाही.

असं का होतं? बैलगाडी घेऊन अशा मुलखात निघायचं आहे, जिथे वाटेत वैरणीची एक काडी मिळणार नाही. वैरण गाडीतच भरायची. पण ती वैरण ओढायला बैलांना जास्त खावं लागतं, म्हणून आणखी वैरण, ती ओढायला पुन्हा आणखी. शेवटी गाडीत वैरणच वैरण, आणि मालक कोपऱ्यात एक पिशवी मांडीवर घेऊन बसलेला. त्सिओल्कोव्हस्की नावाच्या रशियन शिक्षकाने १९०३ साली हे समीकरणात मांडलं. हवेचा आणि गुरुत्वाकर्षणाचा तोटा धरून रॉकेटला सेकंदाला ९.४ किलोमीटर वेग कमवावा लागतो आणि त्याच्या शेपटीतून वायू बाहेर पडतो तो सरासरी तीन-सव्वातीन किलोमीटरच्या वेगाने. या दोन आकड्यांतूनच निघतं की निघतानाच्या वजनात ९५ टक्के इंधन पाहिजे. उरलेल्या पाच टक्क्यांत टाक्या, इंजिनं, सांगाडा आणि मग माल.

तरी इंधन महाग नाही. फाल्कन-९ च्या एका उड्डाणाचं इंधन दोन लाख डॉलरच्या आसपासचं, असं इलॉन मस्क यांनीच सांगितलं होतं. पोचलेल्या मालावर वाटलं तर किलोला हजार रुपये. साडेपाच लाखांतले बाकीचे पैसे यंत्राचे, माणसांचे, विम्याचे, आणि प्रत्येक खेप पोचवली की ट्रकच, म्हणजे रॉकेटच, समुद्रात ढकलून देण्याच्या जुन्या सवयीचे. ती सवय सुटत चालली म्हणून तर भाडं उतरलं. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या काळात किलोला पन्नास हजार डॉलरहून जास्त पडत असत.

साखरेची भाषा मी रॉकेटला ओढूनताणून लावत नाहीये. दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात तिथे साखर कारखाना उभारला. पुढे ती कंपनी साखर कारखान्यांची यंत्रं बनवू लागली आणि १९७० च्या दशकापासून इस्रोच्या रॉकेटांची आवरणंसुद्धा. एलव्हीएम-३ च्या दोन्ही बाजूंना जे पांढरे दांडगे बूस्टर दिसतात, त्यांची ३.२ मीटर व्यासाची पोलादी नळकांडी या गावात घडतात. एकेका बूस्टरमध्ये २०५ टन घन इंधन. ते १२८ सेकंदांत संपतं, म्हणजे दोघांचं मिळून सेकंदाला ३.२ टन. टायरच्या बैलगाडीत दीड-दोन टन ऊस बसतो. तेव्हा दर सेकंदाला दोन गाड्या. रोज अडीच हजार टन गाळणाऱ्या कारखान्याला दोन्ही बूस्टरांतल्या सगळ्या इंधनाएवढा ऊस चरकात घालायला चार तास लागतील. आणि हे नळकांडं श्रीहरिकोट्याला रस्त्याने न्यायचं तर आठशे किलोमीटरच्या वर प्रवास. स्थानकाची उंची त्याच्या निम्मी.

आता कारखान्याकडे येऊ. कारखाना कुठे उभा राहतो हे भाडं ठरवतं, पुढारी फक्त नारळ फोडतात. दहा टन उसातून एक टन साखर निघते, बाकी पाणी आणि चिपाड. ते नऊ टन ओझं लांब वाहायला कोण तयार होईल? शिवाय तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला नाही तर उतारा पडतो. म्हणून न्हावऱ्याचा घोडगंगा काय आणि पाटसचा भीमा काय, दोन्ही कारखाने उसाच्या रानात आले. रांजणगावच्या एमआयडीसीत उलटं आहे. तिथे एलजी आणि व्हर्लपूलचे फ्रीज बनतात, फियाटच्या कारखान्यात गाड्या बनतात. फ्रीज म्हणजे महागडा पत्रा गुंडाळलेली रिकामी जागा. ती लांबून आणणं परवडत नाही, म्हणून गिऱ्हाइकाच्या आणि हमरस्त्याच्या जवळ कारखाना. मग ४०० किलोमीटर वर असा कोणता कच्चा माल आहे, की ज्याच्यापायी कारखान्याने तिथे जावं?

कच्चा माल म्हणजे तिथला वजनाचा अभाव. वर गुरुत्वाकर्षण नसतं हा गैरसमज आहे. तेवढ्या उंचीचा खांब रोवून त्याच्या टोकावर पन्नास किलोचं पोतं जोखलं तर ते ४४ किलो भरेल. पण स्थानक खांबावर नाही, ते सतत पडतं आहे, आणि आडव्या वेगामुळे जमिनीला चुकवत गोल फिरतं आहे. विहिरीत पडणाऱ्या घागरीला आतल्या पाण्याचं ओझं लागत नाही, तसंच. ही पडझड कधी संपत नाही: दर ९३ मिनिटांना एक फेरी, आठ तासांच्या एका पाळीत पाच प्रदक्षिणा.

ओझं गेलं की काय होतं ते गुऱ्हाळावर उभं राहून बघावं. चुलवाणात चिपाड पेटलेलं असतं. गरम हवा वर जाते, खालून ताजी हवा येते, म्हणून जाळ टिकतो. काहिलीत तळाचा तापलेला रस वर उसळतो, थंड खाली जातो. भेंडीचं पाणी टाकलं की मळी तरंगते आणि ती काढून टाकता येते. बुडबुडे वर येऊन फुटतात, त्यांच्या आकारावरून गुळव्या पाक ओळखतो. यातली प्रत्येक गोष्ट वजनावर चालते. कक्षेत काहील ठेवली तर मळी वर येणार नाही, बुडबुडे तळाशीच एकमेकांत मिसळून मोठा फुगा होतील, आणि चुलवाणातला जाळ गोल गोळा होऊन आपल्याच धुरात गुदमरेल. गुळव्याची पंचाईत. पण ज्याला द्रावणात अगदी सावकाश, एकसारखा, न ढवळलेला स्फटिक वाढवायचा आहे, त्याला हीच शांतता पाहिजे असते. २०१७ साली मर्क कंपनीने कीट्रूडा या कर्करोगावरच्या औषधाचे स्फटिक स्थानकावर वाढवून बघितले. जमिनीवरच्या नमुन्यात दोन आकारांची सरमिसळ होती, १३ आणि १०२ मायक्रॉन. वरच्या नमुन्यात सगळे ३९ मायक्रॉनच्या आसपास. शिरेतून अर्धा तास द्यायचं औषध साध्या इंजेक्शनने देता यावं, हा त्यामागचा विचार. (असं इंजेक्शन २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं खरं, पण ते स्फटिकांवाचून, एका एन्झाइमच्या मदतीने. अवकाशातल्या कारखानदारीची माहितीपत्रकं हे सांगायला विसरतात.)

वर काय बनवणं परवडेल हे ठरवायला एकच कसोटी पुरते: मालाचा किलोचा भाव. नासाने २०२१ साली खासगी कंपन्यांसाठी स्थानकाचे दर जाहीर केले होते: माल वर न्यायला किलोला वीस हजार डॉलर, खाली आणायला चाळीस हजार. दोन्ही मिळून किलोमागे ५१ लाख रुपये. आपल्याकडे ट्रकवाले परतीचा माल निम्म्या भाड्यात घेतात, कारण गाडी नाहीतरी रिकामीच यायची असते. इथे परतीचं भाडं दुप्पट. या दराने ऊस वर नेणं म्हणजे साडेतीन रुपयांच्या मालावर ५१ लाखांचा खर्च. माझ्या भेलीतला दहा ग्रॅमचा खडा वरून फिरवून आणून चहात टाकला तर चहा ५१ हजारांचा. रांजणगावची दीड टनाची मोटार: किलोचा भाव हजार-दीड हजार, भाडं ७६५ कोटी. मोबाइल फोन किलोला लाखाच्या घरात, तोही नापास. सोनं दहा ग्रॅमला लाख धरलं तर किलोला एक कोटी, म्हणजे निम्मं सोनं भाड्यातच गेलं. आणि कीट्रूडा? त्याचा डोस २०० मिलिग्रॅमचा, अमेरिकेतली यादीतली किंमत ११ हजार डॉलरच्या वर. एका किलोत ५,००० डोस, म्हणजे साडेपाच कोटी डॉलर, सुमारे ४६७ कोटी रुपये. ५१ लाखांचं भाडं त्यात शंभर रुपयांमागे ११ पैसे.

मजुरी आणि वीज या खात्यांवर नजर टाकून पुढे जाऊ. नासाच्या त्याच दरपत्रकात अंतराळवीराचा एक तास एक लाख तीस हजार डॉलरचा आहे. एक माणूस एक पाळी राबला की नऊ कोटींच्या आसपास. आणि वीज: ४२० टनांचं, तेरा वर्षांत जोडून पूर्ण केलेलं ते अख्खं स्थानक आपल्या सौरपंखांतून फार तर १२० किलोवॅट काढतं. पाच अश्वशक्तीच्या ३२ मोटारी. भीमेच्या काठावर एका शिवारात त्याहून जास्त असतात.

परतीचं भाडं दुप्पट का, याचं उत्तर पुन्हा दोन भेल्यांत आहे. वर नेताना प्रत्येक किलोत भरलेली ३३ मेगाज्यूल ऊर्जा खाली येताना बाहेर टाकावीच लागते, आणि ती उष्णता होऊन बाहेर पडते. तेवढ्या उष्णतेने तेरा लिटर पाणी उकळून पार आटून जाईल. मालाला त्याची झळ लागू न देता हे जमवायचं, आणि वेळ अचूक साधायची: एका सेकंदाची चूक म्हणजे साडेसात किलोमीटर. भारताने ते एकदा करून दाखवलं आहे. १० जानेवारी २००७ रोजी पीएसएलव्हीने ५५० किलोची एक कुपी वर नेली. एसआरई-१ तिचं नाव. तिच्या पोटात एक छोटी भट्टी होती, धातूंच्या मिश्रणाचा प्रयोग करायला, आणि हाडांत असतं त्या खनिजाचे अतिसूक्ष्म स्फटिक बनवायचा दुसरा प्रयोग. बारा दिवसांनी, २२ जानेवारीला, ती श्रीहरिकोट्याच्या पूर्वेला बंगालच्या उपसागरात पडली आणि जहाजाने उचलून आणली. अवकाशात प्रक्रिया होऊन भारतात परतलेला हा पहिला माल. चांद्रयानांच्या गलबल्यात तिची आठवण कोणी काढत नाही, हा अन्याय आहे.

अमेरिकेतल्या वार्डा कंपनीची पहिली कुपी जून २०२३ मध्ये गेली. जेमतेम ९० सेंटिमीटर व्यासाची, छोट्या हत्तीच्या हौद्यात बसेल आणि शेजारी कांद्याच्या चार गोण्याही राहतील. आतला माल काही आठवड्यांत तयार होता. पण उतरायचा परवाना मिळेना. कुपी घिरट्या घालत राहिली आणि युटाच्या वाळवंटात उतरली ती २१ फेब्रुवारी २०२४ ला. आठ महिने. कागदांअभावी नाक्यावर अडकलेल्या गाडीची गोष्ट आपल्याला नवी नाही; ही गाडी मात्र तेवढ्यात पृथ्वीला जवळपास चार हजार चकरा मारून आली.

आत काय होतं? रिटोनाविर, एचआयव्हीवरचं औषध. दौंडपासून थोड्या अंतरावर, फिरंगाईच्या कुरकुंभला रसायनांची एमआयडीसी आहे. औषधांचा मूळ घटक बनवणारे कारखाने तिथे आहेत, त्यात सिप्लाचाही. तिथल्या कोणत्याही केमिस्टला रिटोनाविरचं नाव काढलं की १९९८ आठवतं. अॅबट कंपनी ते औषध दोन वर्षं व्यवस्थित विकत होती. मग एके दिवशी त्याच रेणूचा दुसऱ्याच घडणीचा स्फटिक दिसायला लागला, कमी विरघळणारा, म्हणजे पोटात गेला तरी पुरेसा न लागणारा. ज्या कारखान्यात तो शिरला तिथे जुना स्फटिक बनेनासा झाला. कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. नव्या स्फटिकाची धूळ विरजणासारखी काम करत होती: चिमूटभर पडली की अख्खी टाकी तिच्यासारखी.

विरजणाची कल्पना साखर कारखान्यातल्या पॅनमनला समजावून सांगावी लागत नाही. पॅनमधल्या टनावारी पाकात दाणा धरवायला तो वाटीभर बारीक साखरेची लगदी सोडतो. औषधाच्या एखाद्या हव्या तशा स्फटिकाचं असंच करता आलं तर हिशेब कसा बदलतो बघा. समजा, १०० ग्रॅम विरजण वरून आणलं: भाडं पाच लाख दहा हजार. एक टक्का विरजण पुरतं असं धरलं तर १०० ग्रॅमचे दहा किलो, दहा किलोंचे एक टन, टनाचे शंभर टन. तीन पायऱ्या, आणि अवकाशाचं भाडं किलोमागे पाच रुपये दहा पैशांवर आलं. गुळालाही परवडेल!

पण मग वरच्या कारखान्याला दुसरी खेप नाही. एकदा विरजण कुरकुंभला पोचलं की वर कशाला जायचं? गुंतवणूकदारांपुढे ठेवलेल्या तक्त्यांत हजारो फेऱ्या मांडलेल्या असतात, त्या या एका चिमटीत उडून जातात. आणि विरजण लागलंच नाही, तर प्रत्येक किलोला ५१ लाख मोजायचे.

ज्याला विरजण लावता येत नाही असा माल म्हणजे काचेचा तंतू. झेडब्लान नावाच्या एका काचेचा तंतू जमिनीवर ओढताना त्यात बारीक दाणे धरतात आणि प्रकाश अडखळतो. वजन नसलं की दाणे कमी धरतात. हा गुण पुढच्या तंतूला देता येत नाही, त्यामुळे प्रत्येक मीटर वरच ओढायचा आणि खाली आणायचा. केसाच्या जाडीचा, १२५ मायक्रॉनचा तंतू धरला तर एका किलोत १९ किलोमीटर होतो, शिरूरच्या एसटी स्टँडपासून रांजणगावच्या महागणपतीला पोचून वर थोडा उरेल इतका. ५१ लाखांना भागलं तर मीटरला २७० रुपयांच्या आत भाडं. हे गणित मला आतापर्यंतच्या सगळ्यांत पटणारं वाटतं. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये फ्लॉलेस फोटॉनिक्स या कंपनीच्या, जेमतेम खोक्याएवढ्या यंत्राने स्थानकावर ११.९ किलोमीटर तंतू ओढला. त्या जाडीच्या हिशेबाने त्याचं वजन सुमारे ६३० ग्रॅम. हा लेख लिहिता लिहिता चहासाठी फोडून माझी भेलीही आता तेवढीच उरली आहे.